कुंकू लावलेला काटा

आमच्या घरी वर गोळाभात आणि खाली गोळ्या, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे नवे असले तर त्यांचं हसू मधेच अडकायचं आणि ते बेसमेंटच्या दाराकडे एकदा बघून घ्यायचे. आई नागपूरची, त्यामुळे रविवारी गोळाभात ठरलेला: भातावर वाफवलेले डाळीचे तिखट गोळे, पानात कुस्करलेले, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. बाबा पुण्याचे, म्हणून ते तेल चमच्याने मोजून घ्यायचे आणि आई त्यांच्या हातातला चमचा काढून घेऊन सरळ पळीने ओतायची. जेवण झालं की बाबा खाली जायचे. कॅनडात, रेजिनातलं आमचं घर जुनं, लाकडी, आवाज लपवू न शकणारं. बेसमेंटमध्ये एका अंगाला फर्नेस, तिच्याशेजारी वॉशर आणि ड्रायर, आणि समोरच्या भिंतीला लागून बाबांचं बाक. मी वर अभ्यासाला बसले की पायांखालून त्यांच्या प्रेसचा दांडा ऐकू यायचा. खट्, मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा खट्. मधल्या वेळात ते तोलत असायचे.

त्या बाकावर बाबा माझ्या थोरल्या भावासाठी, निखिलसाठी, पिस्तुलाची काडतुसं भरायचे. निखिल युनिव्हर्सिटीत होता. शहराबाहेरच्या रेंजवर जाऊन कागदी निशाण्यावर गोळ्या मारायचा त्याला नाद लागला होता. लायसन्स त्याचं, पिस्तूल त्याच्या नावावर, कुलपं दोन आणि दोन्हींच्या किल्ल्या त्याच्याकडे. बाबांना बंदुकीचं काडीचं प्रेम नव्हतं. पण विकतची काडतुसं एकसारखी नसतात, उडवलेल्या पुंगळ्या परत भरता येतात आणि त्यासाठी अगदी बारीक वजन करावं लागतं, हे त्यांना निखिलने सांगितलं आणि माणूस हातचा गेला. सरकारी प्रयोगशाळेत लोकांची मापनयंत्रं तपासायची ही त्यांची नोकरी. तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि घरी येऊन स्वतःची एकही होऊ द्यायची नाही, यात त्यांना जे सुख मिळायचं ते आम्हा कोणाला कधी कळलं नाही. 'साधारण', 'जवळजवळ', 'पाचेक' हे शब्द आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. आई मुद्दाम बोलायची.

काम दिसायला सोपं होतं. पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, दिवाळीत आपण हातोडीने फोडतो तिचीच थोराड बहीण, मग तोलून दारू घालायची आणि प्रेसचा दांडा ओढून वर गोळी दाबून बसवायची. दारू हा शब्द बाबांनी आग्रहाने धरला होता. पावडर काय, पावडर तर बायका तोंडाला लावतात, असं म्हणायचे. त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते एकदा चारचौघांत म्हणाले, "आमच्या नेहमीच्या दारूची हल्ली फार टंचाई आहे," तेव्हा मोदक वाढणाऱ्या काकूंनी आईकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

टंचाई मात्र खरी होती, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. नेहमीची दारू दुकानांतून नाहीशी झाली. दुकानदाराने दुसऱ्या एका जातीची दिली. बाबांच्या पुस्तकांत कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती घालायची याची कोष्टकं असायची. त्यांत ही दारू होती, निखिलला हवी तशी गोळीही होती, पण दोघी एका ओळीत कुठेच नव्हत्या. बाबांनी कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईने गोड आवाजात सांगितलं की ही जोडी आम्ही तपासलेली नाही, त्यामुळे काही सांगता येणार नाही.

"नाही म्हणाल्या नं त्या?" आईने विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"नाही म्हणाल्या नाहीत. तपासलं नाही म्हणाल्या."

"एकाच घरचं बोलणं आहे ते."

"वेगळं आहे," बाबा म्हणाले. "आणि मी काय एकदम घालणारे का? अगदी तळापासून सुरू करायचं आणि भीत भीत वर जायचं. तुझ्या मिठासारखं. घालता येतं, काढता येत नाही."

"मीठ जास्त झालं तर भाजीत बटाटा टाकते मी. पोराच्या हातात काय टाकाल?"

बाबांनी फक्त जास्त काळजी घेतली. पुढचे कितीतरी आठवडे ते थोडी थोडी काडतुसं भरायचे, निखिलबरोबर रेंजवर जायचे आणि उडालेली प्रत्येक पुंगळी भिंगाखाली धरून तिचं बूड बघायचे. टिकली चपटी झाली का, पितळ कुठे ताणलं का. सगळं ठीक दिसलं तरच पुढची पायरी. त्यांचे आकडे मी इथे देत नाही, आणि मला ते देता आले असते तरी दिले नसते. जुन्या दारूने गोळी निशाण्यावर जिथे बसायची तिथेच आता बसते आहे, असं झाल्यावर निखिल म्हणाला, अजून वर जाऊया. बाबा म्हणाले, पुस्तकाने रस्ता दाखवलेला नाही, तेव्हा जिथे उजेड आहे तिथेच उभं राहायचं. त्या नव्या दारूची एकच गोष्ट त्यांना खुपत होती. जुनी दारू फुगीर होती, चुकून दोनदा पडली तर पुंगळीतून बाहेर सांडायची आणि चूक आपोआप ओरडून सांगायची. ही मात्र बारीक होती, पुंगळीच्या तळाशी जाऊन बसायची, वर भरपूर जागा ठेवून. म्हणून बाबा प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचे.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची, आणि हत्यार म्हणजे काय हे आई ठरवायची. विळी, सुऱ्या, शिवणयंत्र, माझा लॅपटॉप, स्नो शोव्हल, दोन्ही गाड्या. ज्याच्यावर आपलं चालतं आणि जे आपल्याला कापू शकतं, ते सगळं त्या दिवशी पुजायचं आणि त्याला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, असा तिचा नियम. पिस्तूल निखिलने कुलपातून काढू दिलं नाही. तेव्हा आई तबक घेऊन खाली गेली. तिने प्रेसला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या ऐवजी ग्रोसरीत मिळालेली पिवळी शेवंती ठेवली आणि मग काट्याकडे वळली. काटा म्हणजे बाबांचा तराजू. एक आडवी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन, एका टोकाला टांगलेलं इवलंसं पारडं. ओल्या कुंकवाचं बोट तिने त्या पारड्याच्या बाहेरून, खालच्या अंगाला टेकवलं आणि त्यावर अक्षता लावल्या. मी निरांजन धरून उभी होते. माझी आई लग्नाआधी कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होती. तराजूच्या पारड्याला नुसत्या बोटाचाही स्पर्श करायचा नाही, हे तिने शेकडो मुलांना शिकवलं होतं. पण पूजेच्या वेळी ती डेमॉन्स्ट्रेटर नसायची.

शनिवारी बाबा बाकावर बसले तेव्हा पारड्यावर कुंकू वाळलेलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. पुसलं असतं तर आईला वाईट वाटलं असतं, आणि पुसायची गरजही नव्हती. काट्याला शून्यावर आणायचा एक स्क्रू असतो. कुंकवाचं जे काय वजन असेल ते धरून त्यांनी काटा शून्यावर आणला. हिचाही मान राहिला आणि मापही बिनचूक राहिलं. बाबांचा सगळा संसार मला वाटतं याच रीतीने चालला होता: आई जे काही वर ठेवेल ते काढायचं नाही, आपला स्क्रू फिरवून घ्यायचा. निखिलची स्पर्धा पुढच्या आठवड्यानंतर होती, तिच्यासाठी एक सबंध डबा भरून हवा होता. दिवसभर खट्, शांतता, खट् चाललं होतं. फर्नेस नुकतीच सुरू केलेली, खालची हवा पापडासारखी कोरडी. वर आई सांबारवड्या, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्या, तळत होती. दुपारी चहाला बाबा वर आले ते वासाने, आणि खात खात परत गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी पहिला बर्फ पडला. बाबा त्यांची गाडी घेऊन विंटर टायर्स लावून घ्यायला गेले. निखिल डबा घेऊन रेंजवर गेला, स्पर्धेआधीचा सराव म्हणून. आई धुणं घेऊन खाली गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. मोठ्याने नाही मारली, आणि त्यानेच मी धावत गेले.

ती बाकाशी उभी होती. काट्याच्या बरोब्बर खाली, बाकाच्या लाकडावर, एक अक्षत पडली होती. तांदळाचा एक लाल दाणा. आईने पारडं उचलून उलटं केलं. खालच्या बाजूला कुंकवाचा एक सुकलेला ठिपका होता आणि त्यात दाण्याच्या आकाराची रिकामी खूण.

"मंजू, बाबांनी काटा कुंकवासकट शून्य केला होता नं?"

"हो. मला सांगून राहिले होते," मी म्हणाले. तिच्यासमोर माझीही भाषा नागपूरची व्हायची.

"आणि दाणा कधी पडला?"

मला काही कळेना. तिला कळलं होतं. तिने मला थोडक्यात सांगितलं, कॉलेजात सांगत असेल तसं. दाणा चिकटलेला असताना काटा शून्यावर होता. दाणा सुकून पडला की पारडं हलकं झालं. हलक्या पारड्याला तोलायला तेवढीच दारू जास्त घालावी लागणार. म्हणजे डब्यातली काही काडतुसं बरोबर आणि काही जास्त, आणि कोणती कोणती ते बाहेरून कोणालाच कळणार नाही. तांदळाचा दाणा तो केवढा. पण खाली त्या बाकावर सगळं तसल्याच दाण्यांत मोजलं जायचं.

निखिलला फोन लावला. उचलला नाही. रेंजवर कानांवर जाड आवरणं असतात आणि फोन गाडीत असतो. बाबांचा फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला वाजला. रेंजच्या ऑफिसात नुसती रिंग जात राहिली. आईने ओला हात सलवारला पुसला, जाड पार्का अंगावर चढवला आणि तिच्या गाडीची किल्ली घेतली. त्या गाडीला अजून उन्हाळ्याचेच टायर होते. बर्फात गाडी चालवायला आई इतकी घाबरायची की जानेवारीत मंडळाच्या हळदीकुंकवालाही जायची नाही. त्या दिवशी ती हायवेला लागली. सपाट पांढरं रान, रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसेना. एका वळणावर गाडी मागून सरकली, आईने स्टिअरिंग धरून ठेवलं आणि काहीच बोलली नाही. मला तिच्या न बोलण्याची भीती वाटत होती, बर्फाची नव्हे.

रेंजच्या पार्किंगमध्ये दार उघडलं तसे आवाज ऐकू आले. ठो. ठो. फटाक्यालाही दचकणारी माझी आई त्या दिवशी आवाज थांबला की दचकत होती. आवाज आला म्हणजे हात शाबूत आहे. थांबला की ती जागच्या जागी उभी राहायची, पुन्हा आला की चालायला लागायची. नेमबाजांच्या मागे मारलेल्या लाल रेघेच्या अलीकडे डग नावाचा म्हातारा रेंज ऑफिसर होता. कानांवर काही न घालता, पार्क्यातली एक बाई रेघेकडे चालत येते आहे म्हटल्यावर तो ओरडला, "सीझफायर! एव्हरीबडी, सीझफायर!"

सगळे थांबले. निखिल वळला. त्याने नुकतंच काडतुसं भरलेलं मॅगझिन पिस्तुलात सरकवलं होतं.

"आई, व्हॉट आर यू डुइंग हिअर?"

"ठेव ते खाली," आई म्हणाली. "एकही मारू नको आता."

डगला मी इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. तांदूळ, पूजा, स्केल. तो हसला नाही. म्हणाला, "आय वॉज गोइंग टू से. सम ऑफ दीज साउंडेड अ बिट शार्प." त्याने निखिलला मॅगझिन काढायला लावलं, त्यातली काडतुसं एका झिपलॉक पिशवीत घातली आणि डबा वेगळा दिला. "युवर डॅड विल वॉन्ट टू लुक अ‍ॅट धिस," एवढंच म्हणाला.

आम्ही घरी पोचलो. बाबा आलेले होते. आईने त्यांना सगळं सांगितलं. निखिलचं तोंड मग उघडलं. "यू टॉट केमिस्ट्री, आई. यू पुट राइस ऑन अ स्केल. आय कुड हॅव लॉस्ट माय हँड." आई म्हणाली, "हो." निखिल अजून काही बोलला, ते मी लिहीत नाही. ती प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेली आणि त्यानेच तो अखेर थांबला. मग ती आत गेली आणि देवघरातलं कुंकवाचं कोयरीचं पात्र तिने उचलून फडताळात मागे ठेवून दिलं. मला तिचा राग आला होता, आणि तिला हो म्हणताना ऐकून निखिलचा त्याहून जास्त आला.

जेवण कोणाला नको होतं. तरी आईने भात टाकला. बाबा खाली गेले. भरलेलं काडतूस उघडायला एक पोकळ हातोडी असते. काडतूस तिच्यात अडकवून जमिनीवर ठोकलं की गोळी सुटते आणि दारू बाहेर येते. त्या संध्याकाळी खट्च्या जागी खालून धप्प, धप्प येत होतं. थोड्या वेळाने निखिल उठला आणि खाली गेला, त्याच्यामागून मी. बाबांनी काटा धुऊन पुसून पुन्हा शून्यावर आणला होता. ते एकेक काडतूस फोडत होते आणि दारू तोलत होते. डब्यातली काही अगदी बरोबर निघाली. काही तांदळाच्या दाण्याएवढी जास्त. आई म्हणाली होती तसंच.

"वुड दॅट हॅव ब्लोन अप?" निखिलने विचारलं.

"मी बराच खाली थांबलो होतो. बहुतेक नाही," बाबा म्हणाले. 'बहुतेक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "पुस्तकात असतं तर नक्की सांगितलं असतं. पुस्तकात नाही."

डबा संपला. मग त्यांनी झिपलॉकची पिशवी उघडली. त्यातलं पहिलं ठीक होतं. दुसऱ्याची दारू पारड्यात ओतली तसं पारडं धाडकन खाली बसलं आणि दांडीचं दुसरं टोक वर जाऊन थांबलं. बाबांनी पारडं काढलं, फुंकलं, शून्य पाहिलं आणि पुन्हा तोललं. मग वजन सरकवत गेले, सरकवत गेले. दुप्पट होती. एका पुंगळीत दोनदा पडली होती, आणि ही नवी दारू बारीक असल्यामुळे तळाशी मुकाट बसली होती. टॉर्च त्यांनी मारला असेल किंवा त्या एका वेळी मारला नसेल. कशाने लक्ष गेलं, चहाने, वड्यांच्या वासाने की कशाने, हे त्यांना मरेपर्यंत आठवलं नाही. आठवायचा प्रयत्न मात्र ते अधूनमधून करायचे, जेवताना मधेच थांबून, आणि त्यांचं तसं थांबणं मला बघवायचं नाही.

तांदळाच्या दाण्याचा यात काही संबंध नव्हता. दाण्याने फार तर पिस्तूल जरा जास्त उसळलं असतं. हे दुसरं मात्र निखिलच्या मुठीत फुटलं असतं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. आई तिथे आली नसती तर पुढच्या मिनिटाला त्याने ते उडवलं असतं, कारण ते मॅगझिनमध्ये होतं, आणि मॅगझिन पिस्तुलात. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू वॉशरच्या शेजारी जमिनीवर बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ते बाक बाबांनी पुढे मोडून टाकलं. आता तर या देशात पिस्तुलांची खरेदी-विक्रीच बंद आहे, आणि किचनर शहरात निखिलच्या घरी त्याच्या मुलांना आपला बाप कधी नेमबाज होता हे फोटो बघूनही खरं वाटत नाही. आई त्याच्याकडेच असते. ऐकायला कमी येतं, पण खंडेनवमीला तो स्वतः तबक तयार करतो आणि तिला हात धरून बेसमेंटमधल्या स्नोब्लोअरपर्यंत नेतो. निखिलने आईची माफी कशी मागितली ते मला माहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. मला आठवतं ते त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर.

आम्ही तिघं वर आलो तेव्हा आई ओट्याशी पाठ करून उभी होती. बाबांच्या हातात ते पारडं होतं, दारूसकट. त्यांनी ते तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"तुझा दाणा नव्हता," ते म्हणाले. "माझा हात चुकला. एकात दुप्पट पडली. तू गेली नसतीस तर..."

आईने पारड्यात पाहिलं. तिला वजन कळत होतं, नुसत्या डोळ्यांनीही. तिने निखिलकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. मग तिने बाबांना विचारलं, "हे कुठे होतं? डब्यात होतं की त्याच्या पिस्तुलात?"

निखिलने आणि मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जन्मात कधी आकडा राउंड ऑफ केला नव्हता, घड्याळ विचारलं तरी ते मिनिटासकट सांगायचे.

"डब्यात," बाबा म्हणाले. "अगदी तळाशी."